कायनेजमधला मॅग्नेशियम नीट कसा तपासायचा: रचना निवडण्यापासून प्रयोगाच्या बफरपर्यंत

प्रोटीन कायनेजची (एटीपीवरचं फॉस्फेट दुसऱ्या प्रथिनावर नेणाऱ्या एन्झाइमची) स्फटिकरचना उतरवायची, 'पाणी आणि इतर अणू काढून टाका' हे बटण दाबायचं आणि लगेच डॉकिंग (औषधाचा रेणू जागेत कसा बसेल याचा संगणकी अंदाज) सुरू करायचं, असा क्रम बऱ्याच प्रकल्पांत दिसतो. त्या एका बटणाबरोबर मॅग्नेशियमही जातो. मग एटीपीच्या तीन फॉस्फेटांचा ऋण भार सांभाळायला कोणी उरत नाही, डीएफजीमधला (अस्पार्टेट-फेनिलॲलानिन-ग्लायसिन या ठरलेल्या तुकड्यातला) अस्पार्टेट रिकाम्या जागेकडे बघत राहतो आणि पुढचे सगळे आकडे अर्थहीन होतात. दुसरी नेहमीची चूक याच्या उलट आहे. फाइलमध्ये 'मॅग्नेशियम' लिहिलंय म्हणून तिथे मॅग्नेशियमच आहे असं गृहीत धरलं जातं, प्रत्यक्षात तिथे पाण्याचा रेणू असू शकतो.

खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या निकालावर उभी आहे. उदाहरण म्हणून पीकेए, म्हणजे सायक्लिक एएमपीवर चालणारं कायनेज, घेतलं आहे. या कुळातली पहिली स्फटिकरचना त्याचीच, १९९१ सालची, आणि बाकी कायनेजांतले अवशेष (साखळीतली अमिनो आम्लं) सांगतानाही त्याचेच क्रमांक मापदंड म्हणून वापरले जातात.

## तयारी

रचना पाहायला पायमॉल किंवा काइमेराएक्स आणि नकाशा पाहायला कूट लागेल. प्रत्येक रचनेची निर्देशांकांची फाइल आणि इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा, दोन्ही उतरवा. नकाशा नसेल तर पाचवी पायरी करता येत नाही, आणि पाचवी पायरी झाल्याशिवाय 'इथे धातू आहे' असं लिहायचा अधिकार मिळत नाही.

एक कोरा तक्ता आखून ठेवा. त्यात रचनेचा संकेतांक, रिझोल्यूशन, साखळी, न्यूक्लिओटाइड, धातू, धातूभोवतीचे सहा अणू आणि प्रत्येकाचं अंतर असे रकाने हवेत. हा तक्ता हाताने भरा. सॉफ्टवेअरने आपोआप काढलेल्या बंधांच्या रेषांवर विसंबू नका, कारण त्या फक्त अंतर पाहून ओढलेल्या असतात.

## पायरी १: प्रश्नाला साजेशी रचना निवडा

एकाच कायनेजच्या डझनावारी रचना उपलब्ध असतात आणि प्रत्येक रचना वेगळ्या अवस्थेची असते. काही ओळखीची उदाहरणं पाहा.

१एटीपी (असे संकेतांक प्रोटीन डेटा बँकेतले) ही पीकेएची २.२ अँगस्ट्रॉमची रचना. तिच्यात एटीपी आहे, पीकेआय या रोधक प्रथिनाचा ५ ते २४ हा तुकडा आहे आणि दोन धातू आहेत. ते धातू मात्र मॅग्नेशियम नसून मँगनीज आहेत. १एल३आर ही त्याच कायनेजची संक्रमण-अवस्थेसारखी रचना. तिच्यात एडीपी, ॲल्युमिनियम फ्लोराइड, मॅग्नेशियम आणि सेरीन असलेला सबस्ट्रेट पेप्टाइड (ज्यावर फॉस्फेट जातं तो) आहे. फॉस्फेट हस्तांतराची भूमिती शिकायला हीच घ्या. १एटीपीमधल्या पेप्टाइडात सेरीनच्या जागी ॲलानिन असल्यामुळे फॉस्फेट घेणारा ऑक्सिजनच तिथे नाही.

१एचसीके ही रचना अनेकांना फसवते. सीडीके२ हे कायनेज त्याला सक्रिय करणाऱ्या सायक्लिन या प्रथिनाशिवाय, पण एटीपी आणि मॅग्नेशियमसह असं इथे दिसतं. धातू आहे, एटीपी आहे, म्हणून ही सक्रिय रचना असावी असं वाटतं. ती निष्क्रिय आहे, कारण सी-हेलिक्स (ग्लुटामेट ९१ जिच्यावर असतो ती मळसूत्री पट्टी) बाहेर वळलेली आहे. सक्रिय रूप हवं असेल तर सायक्लिन ए, फॉस्फेट लागलेलं सीडीके२ आणि सबस्ट्रेट पेप्टाइड असलेली १क्यूएमझेड घ्या.

१आयईपी म्हणजे एबीएल हे कायनेज आणि त्याला रोखणारं औषध इमॅटिनिब. यात डीएफजी उलटलेलं आहे आणि धातूची जागाच मोडलेली आहे. अशा रचनेत मॅग्नेशियम 'बसवून' पुढे जाऊ नका.

सावधान: अल्फाफोल्डच्या सार्वजनिक संग्रहातल्या प्रतिमानांत एटीपी नसतो आणि धातूही नसतात. जागा रिकामी दिसते ती संग्रहाच्या पद्धतीमुळे. 'हे कायनेज मॅग्नेशियम बांधत नाही' असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

## पायरी २: क्रमांक जुळवून घ्या

पाच अवशेष शोधायचे आहेत. पीकेएमध्ये ते लायसिन ७२, ग्लुटामेट ९१, अस्पार्टेट १६६, अस्पॅराजिन १७१ आणि अस्पार्टेट १८४. इतर कायनेजांत त्याच क्रमाने:

- सीडीके२: ३३, ५१, १२७, १३२, १४५
- एबीएल: २७१, २८६, ३६३, ३६८, ३८१
- बी-रॅफ: ४८३, ५०१, ५७६, ५८१, ५९४
- ईजीएफआर: ७४५, ७६२, ८३७, ८४२, ८५५

शेवटचे तीन आकडे नीट पाहा. एचआरडीमधल्या (हिस्टिडिन-आर्जिनिन-अस्पार्टेट या तुकड्यातल्या) अस्पार्टेटपासून अस्पॅराजिन पाच घरं पुढे आहे, आणि तिथून डीएफजीमधला अस्पार्टेट तेरा घरं पुढे. वरच्या सगळ्या कायनेजांत हे जुळतं. नवं कायनेज हाती आलं की आधी हा 'पाच आणि तेरा'चा हिशेब करा. तो चुकला तर बहुधा चुकीचा अस्पार्टेट धरलेला असतो.

ईजीएफआरमध्ये वेगळाच खड्डा आहे. जुन्या रचनांत सुरुवातीचे २४ अवशेष, म्हणजे पेशीबाहेर जाण्याचा संकेत देणारा तुकडा, वगळून क्रमांक दिलेले आहेत. १एम१७ या एर्लोटिनिबच्या रचनेतला मेथिओनिन ७६९ म्हणजेच नव्या क्रमांकातला ७९३. एल८५८आर हा उत्परिवर्तन जुन्या क्रमांकात ८३४ वर येतो. दोन रचना एकमेकींवर बसवण्याआधी हा २४ चा फरक सोडवा.

तपासणी: पाचपैकी एखादा अवशेष वेगळा निघाला तर ती टंकनाची चूक समजून 'दुरुस्त' करू नका. डब्ल्यूएनके१मध्ये लायसिन नेहमीच्या तिसऱ्या बीटा पट्टीवर नसून दुसऱ्या पट्टीवर आहे. सीएएसकेमध्ये डीएफजीच्या जागी जीएफजी आहे. ते मॅग्नेशियमशिवाय काम करतं, उलट मॅग्नेशियम त्याच्या कामात अडथळा आणतो. अशी कायनेजं या लेखातल्या नियमांनी मोजू नयेत.

## पायरी ३: चौकट शाबूत आहे का ते पाहा

धातूकडे जाण्याआधी तीन अंतरं मोजा.

पहिलं, लायसिन ७२च्या टोकाचा नायट्रोजन आणि ग्लुटामेट ९१चा कार्बॉक्सिलेट. सक्रिय रचनेत हे साधारण ३ अँगस्ट्रॉमच्या आसपास असतं. ४ च्या पुढे गेलं तर सी-हेलिक्स बाहेर आहे असं समजा. १एचसीकेमध्ये हाच पूल तुटलेला आहे.

दुसरं, त्याच लायसिनचा नायट्रोजन आणि एटीपीच्या अल्फा व बीटा फॉस्फेटांचे ऑक्सिजन. लायसिन गॅमा फॉस्फेट धरतो असं पुष्कळ वेळा लिहिलेलं आढळतं, ते चूक आहे. गॅमाकडे जाणारा लायसिन वेगळा, तो उत्प्रेरक वळणावरचा १६८.

तिसरं, डीएफजीमधल्या फेनिलॲलानिनची दिशा. ते सी-हेलिक्सखालच्या खोबणीत असेल तर डीएफजी आत आहे आणि अस्पार्टेट १८४ फॉस्फेटांकडे वळलेलं आहे. फेनिलॲलानिन एटीपीच्या जागेकडे आलं असेल तर इथेच थांबा, पुढच्या पायऱ्या या रचनेला लागू नाहीत.

## पायरी ४: दोन धातू, बारा हात

एक मूलभूत गल्लत आधीच टाळा. एचआरडीमधला अस्पार्टेट १६६ धातू धरत नाही, तो सबस्ट्रेटच्या हायड्रॉक्सिलकडे तोंड करून असतो. धातू धरतो तो डीएफजीमधला अस्पार्टेट १८४, आणि त्याच्या मदतीला अस्पॅराजिन १७१.

मॅग्नेशियमभोवती सहा अणू अष्टफलकाच्या टोकांवर बसतात. पीकेएच्या दोन धातूंच्या रचनेत हात असे वाटलेले आहेत:

पहिला धातू: अस्पार्टेट १८४चे दोन्ही ऑक्सिजन, बीटा फॉस्फेटचा एक ऑक्सिजन, गॅमा फॉस्फेटचा एक ऑक्सिजन आणि दोन पाण्याचे रेणू.

दुसरा धातू: अस्पार्टेट १८४चा एक ऑक्सिजन, अस्पॅराजिन १७१चा ऑक्सिजन, अल्फा फॉस्फेटचा एक, गॅमा फॉस्फेटचा एक, बीटा आणि गॅमा यांना जोडणारा ऑक्सिजन आणि एक पाण्याचा रेणू.

अस्पार्टेट १८४ दोन्ही यादींत आहे. म्हणूनच त्याच्या जागी ॲलानिन केलं की दोन्ही धातूंची पकड जाते, आणि 'कायनेज मेलं, पण नेमकं का' या प्रश्नाचं उत्तर एका धातूपुरतं देता येत नाही.

प्रत्येक धातूभोवती २.६ अँगस्ट्रॉमच्या आतले सगळे अणू निवडा आणि तक्त्यात लिहा. मॅग्नेशियम ते ऑक्सिजन हे अंतर २.१ च्या जवळ हवं. मँगनीजसाठी २.१५ ते २.२. आकडे २.४ कडे सरकत असतील तर सोडियम किंवा कॅल्शियमचा संशय घ्या. २.८ च्या आसपास असतील तर तो धातू नसून हायड्रोजन बंधांनी बांधलेलं पाणी असण्याची शक्यता जास्त. हात सहापेक्षा कमी भरले तर लगेच घाबरू नका. २.५ अँगस्ट्रॉमहून खराब रिझोल्यूशनला पाण्याचे रेणू बहुधा दिसतच नाहीत.

आता अस्पॅराजिन १७१ जवळून पाहा. त्याच्या टोकाला एक ऑक्सिजन आणि एक नायट्रोजन आहे, आणि घनतेच्या नकाशात ते दोघं सारखेच दिसतात. त्यामुळे कधीकधी बाजूची साखळी १८० अंशांनी उलटी बसवलेली असते आणि नायट्रोजन धातूकडे येतो. नायट्रोजनवर दोन हायड्रोजन आहेत, तो धन भाराच्या धातूशेजारी असा बसणार नाही. बरोबर मांडणीत ऑक्सिजन धातूकडे असतो आणि नायट्रोजन अस्पार्टेट १६६च्या कण्यातल्या कार्बोनिल ऑक्सिजनशी हायड्रोजन बंध करतो. दोन्ही अंतरं मोजली की शंका उरत नाही. उलटं असेल तर कूटमध्ये साखळी फिरवून घ्या आणि तक्त्यात तशी नोंद करा.

सावधान: वेगवेगळ्या लेखांत 'धातू १' आणि 'धातू २' ही नावं वेगवेगळ्या जागांना दिलेली आढळतात. नावावरून तुलना करू नका, हातांच्या यादीवरून करा. आपल्या प्रबंधातही 'अस्पॅराजिनने धरलेला धातू' असं एकदा स्पष्ट लिहून मग नाव द्या.

## पायरी ५: धातू आहे की पाणी?

इलेक्ट्रॉनांची संख्या ही इथली खरी अडचण. मॅग्नेशियम आयन, सोडियम आयन आणि पाण्याचा रेणू, तिघांतही १० इलेक्ट्रॉन. क्ष-किरणांना तिघं जवळजवळ सारखे दिसतात. निकाल लावायला तीन पुरावे एकत्र लागतात.

एक, अंतरं आणि अष्टफलक, जे वरच्या पायरीत मोजले.

दोन, बी-फॅक्टर, म्हणजे अणूची जागा किती सैल आहे ते दाखवणारा आकडा. धातूचा आकडा भोवतालच्या ऑक्सिजनांच्या आकड्याशी मिळताजुळता हवा. समजा फॉस्फेटचे ऑक्सिजन २५ च्या आसपास आहेत आणि 'मॅग्नेशियम' ६० वर आहे. मग तो पाणी असू शकतो किंवा अर्धवट भरलेली जागा. उलट तो ८ वर आला तर तिथे मॅग्नेशियमपेक्षा जड काहीतरी, म्हणजे मँगनीज किंवा जस्त, असण्याचा संशय घ्या.

तीन, फरकाचा नकाशा, म्हणजे मोजलेली घनता वजा प्रतिमानातली घनता. त्याची पातळी अधिक-उणे ३ सिग्मावर ठेवा. धातूवर लाल डाग, म्हणजे प्रतिमानात तिथे प्रत्यक्षापेक्षा जास्त इलेक्ट्रॉन धरले आहेत. हिरवा डाग, म्हणजे कमी.

मँगनीज आणि मॅग्नेशियम वेगळे करायला अंतर पुरत नाही. ०.१ अँगस्ट्रॉमचा फरक २.२ अँगस्ट्रॉमच्या रचनेत विश्वासाने मोजता येत नाही. तिथे अनोमलस नकाशा (ठरावीक तरंगलांबीला जड अणू क्ष-किरण वेगळ्या रीतीने विखुरतात, त्यावरून काढलेला) कामाला येतो. तांब्याच्या १.५४ अँगस्ट्रॉम तरंगलांबीला मँगनीजचा अनोमलस संकेत सुमारे २.८ इलेक्ट्रॉन असतो, मॅग्नेशियमचा ०.२ च्या घरात. मँगनीज असेल तर शिखर ठळक दिसतं. मूळ लेखकांनी अनोमलस माहिती ठेवली असेल तर ती जरूर मागवा.

स्फटिक कोणत्या द्रावात वाढवले तेही वाचा. सिट्रेट मॅग्नेशियमला स्वतःच धरून ठेवतो. अमोनियम सल्फेट असेल तर फॉस्फेटसारखी दिसणारी घनता सल्फेटची असू शकते. शिवाय संहती महत्त्वाची. पीकेएचे स्फटिक सुमारे ०.५ मिलिमोलर मॅग्नेशियममध्ये ठेवले तेव्हा एकच धातू दिसला आणि बीटा व गॅमा फॉस्फेट सैल, उंच बी-फॅक्टरचे झाले. मॅग्नेशियम भरपूर असताना दोन्ही धातू बसले आणि टोकाचं फॉस्फेट जागेवर घट्ट झालं. म्हणजे एका रचनेत एकच धातू दिसला, म्हणून 'या कायनेजला एकच लागतो' असं लिहू नये. आधी द्रावातला आकडा पाहावा.

## पायरी ६: हस्तांतराची भूमिती मोजा

ही पायरी सबस्ट्रेट असलेल्या रचनेवरच करता येते. सबस्ट्रेटच्या हायड्रॉक्सिलचा ऑक्सिजन, गॅमा फॉस्फरस आणि बीटा-गॅमा जोडणारा अणू, या तिघांचा कोन मोजा. हस्तांतर सरळ रेषेत होतं, त्यामुळे कोन १८० अंशांकडे झुकलेला हवा. अस्पार्टेट १६६चा कार्बॉक्सिलेट त्याच हायड्रॉक्सिलशी हायड्रोजन बंधाच्या अंतरावर आहे का ते पाहा. ग्लायसिनच्या वळणावरच्या सेरीन ५३चा कण्यातला नायट्रोजन गॅमा फॉस्फेटवर झाकणासारखा येतो, तेही नोंदवा.

एटीपीऐवजी एएमपी-पीएनपी (एटीपीसारखा, पण सहज न तुटणारा रेणू) असेल तर जोडणारा अणू ऑक्सिजन नसून नायट्रोजन आहे, आणि दुसऱ्या धातूचा एक हात नेमका तिथेच असतो. त्या हाताचं अंतर एटीपीच्या रचनेशी थेट ताडू नका. एएमपी-पीएनपी अजिबात तुटत नाही असंही धरू नका, पीकेएच्या स्फटिकात त्याचं फॉस्फेट सबस्ट्रेटवर गेलेलं दिसलेलं आहे.

## पायरी ७: डॉकिंग किंवा सिम्युलेशनसाठी फाइल

एटीपीच्या जागेत बसणारा रोधक तपासायचा असेल तर एटीपीबरोबर मॅग्नेशियम काढायचा की ठेवायचा, हा निर्णय बटणावर सोडू नका. फॉस्फेटांच्या जागेपर्यंत पोहोचणारा रेणू असेल तर धातू ठेवून आणि काढून, दोन्ही प्रकारे डॉकिंग करा. रोधक फक्त ॲडेनिनच्या खोबणीत आणि हिंजशी (कायनेजचे दोन खंड जोडणाऱ्या पट्टीशी) बांधला जात असेल तर धातूशिवायची रचना चालते, पण ते अहवालात लिहा.

- ऑटोडॉकच्या तयारीत धातूवर बहुधा शून्य भार पडतो. फाइल उघडून पाहा आणि भार हाताने भरा. व्हिना मुळात भार वापरत नाही, म्हणून तिच्या गुणांकावरून धातूच्या परिणामाबद्दल काही बोलू नये.
- एटीपीचा भार उणे ४ धरा. दोन मॅग्नेशियम मिळून अधिक ४. भाराची बेरीज जुळली नाही तर एखादा फॉस्फेट ऑक्सिजन आपोआप प्रोटॉनेट झालेला असतो.
- अस्पार्टेट १६६ आणि १८४ प्रोटॉनविना ठेवा. आपोआप प्रोटॉन लावणारा प्रोग्राम धातू 'दिसत' नसेल तर १८४वर हायड्रोजन चिकटवतो.
- धातूला बांधलेले पाण्याचे तीन रेणू ठेवा. बाकीचं पाणी गेलं तरी चालेल.

सिम्युलेशन सुरू झाल्यावर पहिल्या काही नॅनोसेकंदांतच धातूचे सहा हात पुन्हा मोजा. अस्पॅराजिन सुटून तिथे पाणी आलं असेल तर आधी धातूचे पॅरामीटर तपासा, जीवशास्त्रीय अर्थ लावण्याची घाई नको.

## पायरी ८: प्रयोगाच्या बफरशी ताळा

रचनेत दोन धातू दिसले आणि परखनळीत एकालाच पुरेल इतका मॅग्नेशियम असला, तर दोन्ही निकाल जुळणार नाहीत. हिशेब सोपा आहे. १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १ मिलिमोलर एटीपी आणि १ मिलिमोलर ईडीटीए (धातू धरून ठेवणारं रसायन) घेतलं तर एटीपी एक धरतो, ईडीटीए एक धरतो आणि मुक्त उरतो सुमारे ८ मिलिमोलर. एटीपी ५ मिलिमोलर केला आणि मॅग्नेशियम तसाच ठेवला तर उरतो ४. मग एटीपी वाढवल्यामुळे वेग बदलला की मुक्त मॅग्नेशियम कमी झाल्यामुळे, हे सांगता येत नाही. एटीपीच्या प्रत्येक संहतीला मुक्त मॅग्नेशियम सारखा ठेवा.

मॅग्नेशियम क्लोराइडच्या षट्जल रूपाचा रेणुभार २०३.३. १ मोलर साठा १०० मिलिलिटर करायला २०.३३ ग्रॅम लागतात. ही पावडर हवेतली ओल ओढते. बाटली जुनी आणि खडे चिकट झाले असतील तर वजनात पाणी येतं आणि संहती कमी पडते, त्यामुळे नवी बाटली वापरा. एटीपीचं डायसोडियम लवण आम्लधर्मी असतं. साठा सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७ ते ७.५ वर आणा, नाहीतर ते बफरचा पीएच खाली ओढतं. नंतर २५९ नॅनोमीटरला शोषण मोजा. गुणांक १५,४०० धरला तर १०० मिलिमोलर साठा २००० पट पातळ केल्यावर वाचन ०.७७ यायला हवं.

पीकेएचा नियम सगळीकडे लावू नका. पीकेएमध्ये मॅग्नेशियम खूप वाढवला की एडीपी सुटायला वेळ लागतो आणि एकूण वेग कमी होतो. सीएसके या टायरोसिन कायनेजला मात्र दुसरा मुक्त मॅग्नेशियम काम सुरू होण्यासाठीच लागतो. नवं कायनेज असेल तर एटीपी स्थिर ठेवून मुक्त मॅग्नेशियम ०.५, १, २, ५, १० आणि २० मिलिमोलर अशा सहा पातळ्यांवर वेग मोजा. प्रत्येक नळीत आयनी तीव्रता सोडियम क्लोराइडने सारखी करून घ्या, नाहीतर क्षाराचा परिणाम मॅग्नेशियमच्या नावावर जमा होतो.